दुसऱ्याच्या नांगराची वाट किती दिवस पाहायची?

बदलापूरच्या एका बुद्धविहारात दर रविवारी वंदना झाल्यावर आम्ही तासभर कायदेविषयक सल्ला देण्यासाठी बसतो. कोणाचे जात पडताळणीचे प्रकरण अडलेले असते, कोणाची ग्रॅच्युइटी थकलेली असते, कोणाच्या मुलीला पोटगी मिळत नसते. उल्हासनगरच्या सुभाष टेकडीपासून ते वांगणीपर्यंतचे लोक येतात. गेल्या पावसाळ्यात अंबरनाथच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आले. मूळचे येवला तालुक्यातले. गावी त्यांची दोन एकर दहा गुंठे जमीन आहे, जुन्या महार वतनाची. दरवर्षी मृगाच्या तोंडावर ते गावी जातात आणि मका पेरून परत येतात.

काकांनी जयभीम केला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, पाऊस वेळेवर पडला होता. बियाणे, खत घरात होते. पण गावात ट्रॅक्टर तिघांचेच. त्यांनी आधी आपले केले, मग भावकीचे केले, मग पाहुण्यांचे केले. माझा नंबर सतरा दिवसांनी लागला. तोवर वापसा गेला, मका उशिरा पडला आणि पीक निम्म्यावर आले. यावर काही केस होते का?"

आम्ही काकांना खरे ते सांगितले. केस होत नाही. कोणी त्यांना शिवी दिली नव्हती, कोणी विहिरीवरून हाकलले नव्हते, कोणी बांध कोरला नव्हता. ट्रॅक्टरवाल्याने पैसे घेऊन काम केले होते, फक्त सर्वांत शेवटी केले होते. अॅट्रॉसिटी कायद्याच्या कोणत्याही कलमात 'सर्वांत शेवटी' हा गुन्हा नाही. परंतु आपल्यापैकी ज्यांच्या नावावर गावी एक-दोन एकर आहे, त्यांना या 'शेवटी'चा अर्थ सांगावा लागत नाही. पूर्वी बैलजोडीसाठी पाटलाच्या ओट्याखाली उभे राहावे लागे, आज ट्रॅक्टरसाठी फोन करीत बसावे लागते. बैल गेला, ट्रॅक्टर आला, रांगेतली आमची जागा तीच राहिली.

काका गेले, पण त्यांचा प्रश्न आमच्या डोक्यात राहिला. दुसऱ्याच्या नांगराची वाट पाहणे हा जर आमच्या लहान शेतकऱ्याचा जाच असेल, तर नांगराशिवाय शेती होते का? आम्ही चौकशी सुरू केली आणि उत्तर फार लांब नव्हते. बदलापूरहून कर्जतची लोकल पकडली की वांगणी, शेलू आणि मग नेरळ.

नेरळची वाट

नेरळजवळच्या सगुणा बाग येथील चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी शून्य मशागतीची एक पद्धत विकसित केली. तिला सगुणा भात तंत्र किंवा एसआरटी म्हणतात. गेल्या दशक-दीड दशकात ती कोकणात आणि कोकणाबाहेर पोहोचली. तिचे सार सोपे आहे. एकदाच जमीन तयार करून साधारण साडेचार फुटांवर सऱ्या पाडायच्या आणि मधे कायमचे गादीवाफे करायचे. त्यानंतर ते वाफे मोडायचे नाहीत. राब भाजायचा नाही, रोप टाकायचे नाही, चिखलणी करायची नाही, लावणी करायची नाही. लोखंडी साच्याने ठराविक अंतरावर खड्डे पाडायचे आणि त्यात भाताचे दाणे टोकायचे. कापणीनंतर धसकटे उपटायची नाहीत. मुळे जमिनीतच राहू द्यायची. ती कुजतात, त्यांच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, त्यातून हवा आणि पाणी खाली जाते, गांडुळे वाढतात. याच वाफ्यांवर भातानंतर वाल, हरभरा, भुईमूग, मका अशी पिके पुन्हा टोकून घेता येतात.

वांगणी-नेरळच्या बाजूला अशी काही शेते आम्ही बांधावर उभे राहून पाहिली. एरंजाड, मुळगाव, चामटोली या बदलापूरच्या आसपासच्या गावांत लहानपणापासून आम्ही जी खाचरे पाहिली, त्यांच्यापेक्षा ही वेगळी दिसतात. जमीन नांगरलेली नसते, धसकटे तशीच उभी असतात आणि त्यांच्यामधून नवे पीक वर येते. प्रथमदर्शनी हे शेत आळशी माणसाचे वाटते. या पहिल्या समजाचे कायद्यात काय परिणाम होऊ शकतात, ते पुढे सांगू.

नांगराविरुद्ध बोलणारे हे काही एकटे नाहीत. कोल्हापूरचे प्रताप चिपळूणकर यांनी जमिनीतल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करून नांगरणीशिवाय शेतीचा विचार अनेक वर्षे मराठीतून मांडला. राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबविलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून, म्हणजे पोक्रातून, मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांपर्यंत शून्य मशागतीचे हे तंत्र नेण्यात आले आणि तेथे मका, कापूस, सोयाबीन अशा पिकांसाठीही ते वापरले गेले. अमेरिकेत १९३० च्या दशकात मैदानी प्रदेशात धुळीची भयंकर वादळे झाली. गवताळ जमीन खोल नांगरून उघडी टाकल्यानंतर दुष्काळ आला आणि माती वाऱ्यावर उडून गेली. त्यानंतर नांगराकडे जगाने संशयाने पाहायला सुरुवात केली. आपल्याकडे माती वाऱ्याने कमी आणि पाण्याने जास्त जाते. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हे या भागातल्या सर्वांना आठवते. त्या दिवशी नदीचे पाणी चहासारखे होते. चहाचा तो रंग म्हणजे डोंगरउतारावरची आणि कोणाच्या तरी खाचरातली माती होती.

मका कसा घ्यायचा?

आता मक्याकडे येऊ. मका हे खादाड पीक आहे, पण त्याची एक नाजूक बाजू आहे. त्याला साचलेले पाणी सोसत नाही आणि तुरा-कणीस निघण्याच्या वेळी पाण्याचा ताणही सोसत नाही. गादीवाफ्याने पहिली अडचण बरीचशी सुटते, कारण जास्तीचे पाणी सरीतून निघून जाते. न नांगरलेल्या आणि काडीकचऱ्याने झाकलेल्या जमिनीत ओल जास्त दिवस टिकते, म्हणून दुसरी अडचणही थोडी सैल होते. येवल्यासारख्या कमी पावसाच्या तालुक्यात दोन पावसांमधल्या खंडात ही टिकलेली ओलच पीक वाचवते.

पद्धत अशी. पहिल्या वर्षी एकदाच नांगरट करून वाफे करावे लागतात, म्हणजे पहिल्या वर्षी ट्रॅक्टर लागतोच. हे काम मृगाच्या गर्दीत न करता उन्हाळ्यात ट्रॅक्टर रिकामे असतात तेव्हा उरकावे. पुढच्या वर्षापासून पुरेसा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी घरची चार माणसे खुरपे किंवा टोकणयंत्र घेऊन बी टोकू शकतात. एका वाफ्यावर मक्याच्या दोन ओळी, दोन ओळींत साधारण साठ सेंटिमीटर आणि दोन रोपांत वीस सेंटिमीटर अंतर, बी चार-पाच सेंटिमीटर खोल. नत्र एकदम न देता तीन हप्त्यांत द्यावे: टोकणीच्या वेळी, महिन्याने आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी. जमिनीवरचा काडीकचरा कुजवताना सूक्ष्मजीव सुरुवातीला नत्र स्वतःकडे ओढून घेतात, त्यामुळे कोवळा मका पिवळा पडू शकतो. पहिला हप्ता चुकवला तर शेतकरी घाबरतो आणि पुन्हा नांगराकडे वळतो.

अडचणी लपवून आम्हाला कोणाला भुलवायचे नाही. नेहमीच्या पद्धतीत मक्याला मातीची भर देतात. इथे भर देता येत नाही, म्हणून वादळी वाऱ्यात मका लोळण्याची भीती राहते. पहिल्या एक-दोन वर्षांत उत्पन्न वाढेलच असे नाही, काही वेळा थोडे घटतेही, कारण वर्षानुवर्षे फिरलेल्या औजाराखाली घट्ट झालेला थर मुळांना आणि गांडुळांना हळूहळू मोकळा करावा लागतो. येवल्याकडे मक्यानंतर कांदा घेतात. कांद्यासाठी भुसभुशीत सपाट वाफ्याची सवय असलेल्याला गादीवाफ्यावर लागवड जमवावी लागेल, नाहीतर मक्यामागे हरभरा टोकणे सोपे. आणखी एक पेच चाऱ्याचा आहे. मक्याची ताटे जमिनीवर आच्छादन म्हणून ठेवायची की गोठ्यातल्या म्हशीला घालायची? आमच्या मते लहान शेतकऱ्याने सगळी ताटे शेतात ठेवावीत हा आग्रह धरू नये. वरचा चारा जनावराला द्यावा, बुडखा आणि मुळे जमिनीला द्यावीत. २०१८ साली देशात शिरलेली अमेरिकन लष्करी अळीही नांगरणी सोडली म्हणून सुटी देत नाही. उगवणीनंतर दर दोन-तीन दिवसांनी पोंग्यात डोकावून पाहावेच लागते आणि कामगंध सापळे लावावेच लागतात.

मग फायदा काय? नांगरट, रोटाव्हेटर, सरी या तिन्हींचे भाडे दरवर्षी वाचते. मक्याचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला २४०० रुपये जाहीर झाला, पण २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास अनेक बाजारांत मका त्याच्या बराच खाली विकला गेला. इथेनॉलमुळे मक्याला सोन्याचे दिवस आले असे सांगणारे त्या दिवसांत गप्प होते. भाव आपल्या हातात नाही. खर्च काही प्रमाणात हातात आहे. आणि काकांच्या दृष्टीने सर्वांत मोठा फायदा पैशात मोजता येत नाही. पाऊस पडला की पेरायचे, कोणाला फोन करायचा नाही.

बाबासाहेबांनी काय सांगितले होते?

काही मित्र विचारतील की आंबेडकरी दैनिकात मक्याची चर्चा कशाला? या मित्रांना आम्ही १९१८ सालाची आठवण करून देतो. परमपूज्य बाबासाहेबांनी त्या वर्षी भारतातील लहान धारणक्षेत्रांवर एक निबंध लिहिला. तेव्हाचे विद्वान म्हणत होते की जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे, तुकडे जोडा म्हणजे सुटेल. बाबासाहेबांनी त्यांना सांगितले की धारणक्षेत्र लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. शेतकऱ्याकडे भांडवल, बैल, औजारे किती आहेत त्याच्या प्रमाणात ते ठरते. साधनेच इतकी अपुरी असतील तर आहे तेवढे शेतसुद्धा त्या साधनांच्या मानाने मोठे आहे. शंभरहून अधिक वर्षे झाली. येवल्याच्या काकांची दोन एकर दहा गुंठे त्यांच्या साधनांच्या मानाने मोठीच आहे, कारण त्यांच्याकडे नांगरच नाही.

पुढे १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी शेतीला राज्याचा उद्योग करण्याची मागणी केली. जमीन राज्याची, ती जातपात न पाहता गावकऱ्यांना सामूहिक शेतीसाठी द्यायची आणि पाणी, जनावरे, औजारे, खत, बियाणे राज्याने पुरवायचे. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूर नको. या यादीत जनावरे आणि औजारे आली, हा योगायोग नव्हता. नुसती जमीन मिळून माणूस स्वतंत्र होत नाही, हे बाबासाहेबांनी महार वतनाच्या अनुभवातून ओळखले होते. वतनाची जमीन होती, पण त्या तुकड्याच्या बदल्यात साऱ्या गावाची चाकरी होती. म्हणूनच १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. ज्या येवल्यात त्यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी धर्मांतराची घोषणा केली, त्याच तालुक्यातला वतनदाराचा नातू आज ट्रॅक्टरसाठी सतरा दिवस थांबतो. वतन कायद्याने गेले. वाट पाहणे गेलेले नाही.

म्हणून आम्हाला कमी मशागतीच्या मक्यात रस आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह लढविले. त्यांच्याच नावाची सबळीकरण व स्वाभिमान योजना २००४ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची ती योजना २०१८ पासून पूर्ण अनुदानाची झाली. परंतु ज्या भूमिहीन विधवेला चार एकर कोरडवाहू जमीन मिळते, तिला त्या जमिनीबरोबर नांगर मिळत नाही. पहिल्याच हंगामात ती शेजाऱ्याकडे बटईला जमीन देते, कारण कसायला साधन नाही. टोकणीने मका घेता येतो हे तिला कोणी शिकविले, तर ती जमीन तिच्याच हातात राहू शकते.

फवारणीचा पंप कोणाच्या पाठीवर?

इथे आम्हाला या पद्धतीच्या पुरस्कर्त्यांशीही स्पष्ट बोलायचे आहे. नांगर तण मारतो. नांगर सोडला की तण कोण मारणार? बहुतेक ठिकाणी त्याचे उत्तर तणनाशक हे आहे. टोकणीआधी ग्लायफोसेट, उगवणीआधी अॅट्राझीन. शेतमालक सावलीत उभा राहतो आणि पंप मजुराच्या पाठीवर असतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. तणनाशक आणि ते कीटकनाशक एक नव्हे, हे खरे. पण पाठीवरचा पंप तोच असतो आणि मजुराच्या हातात हातमोजे नसतात, हेही तितकेच खरे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला मानवासाठी बहुधा कर्करोगकारक ठरविले. अमेरिकेसारख्या देशांच्या नियामकांनी तसे मानले नाही. आपल्या केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये अधिसूचना काढून त्याची फवारणी परवानाधारक कीड नियंत्रकांमार्फतच करण्याचे बंधन घातले आणि उद्योगाने त्याला न्यायालयात आव्हान दिले. गावात परवानाधारक कीड नियंत्रक कोणी पाहिला आहे काय? आम्ही पाहिलेला नाही. मजूर पाहिलेला आहे.

दुसरा प्रश्न बायांच्या मजुरीचा. लावणी, चिखलणी, निंदणी या कामांवर आमच्या आणि आदिवासी, कातकरी भगिनींचा पावसाळा निघतो. दिवसभर चिखलात वाकून लावणी करणे म्हणजे काही सुख नव्हे. कंबर मोडते, पाय कुजतात. ते काम गेले तर आम्हाला दुःख नाही. पण त्या कामाबरोबर त्या दिवसाची मजुरीही जाते आणि तिची भरपाई कोणी करीत नाही. 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी तरुण सिद्धार्थाचा एक प्रसंग सांगितला आहे. वडिलांच्या शेतावर तो मित्रांसह जातो. भर उन्हात, अपुऱ्या कपड्यांत मजूर जमीन नांगरताना, बांध घालताना तो पाहतो. कष्ट एकाने करायचे आणि फळ दुसऱ्याने खायचे, हे बरोबर कसे, असे तो मित्रांना विचारतो आणि मित्रांना उत्तर सुचत नाही. त्याच ग्रंथात वप्रमंगल या पेरणीच्या सणाचाही उल्लेख आहे. त्या दिवशी प्रत्येक शाक्याने स्वतः नांगर धरायचा असे आणि सिद्धार्थ तो धरीत असे. शेतीतली कोणतीही नवी पद्धत आमच्यासमोर आली की आम्ही सिद्धार्थाचा तोच प्रश्न तिला विचारला पाहिजे. कष्ट कोणाचे वाचले? पैसा कोणाकडे गेला?

आमची सूचना साधी आहे. नांगरट-रोटाव्हेटरचे जे भाडे वाचते, ते तणनाशकाच्या दुकानात नेऊ नका. ते तण कापण्याच्या मजुरीत द्या. मक्याला पहिले तीस-चाळीस दिवस तणापासून जपायचे असते. या काळात दोनदा विळ्याने तण जमिनीलगत कापून तिथेच पसरले तर तेच आच्छादन होते. दोन ओळींच्या मधे चवळी किंवा उडीद टोकला तर जमीन झाकली जाते आणि घरात डाळही येते. दोन-अडीच एकरांत हे शक्य आहे. वीस एकरवाल्याला कदाचित शक्य नाही, पण आम्ही वीस एकरवाल्यासाठी लिहीत नाही.

न नांगरलेली जमीन आणि सातबारा

आता वकील म्हणून दोन गोष्टी. आपल्या समाजात एक समज पक्का आहे की जमीन नांगरली म्हणजे ती कसली आणि न नांगरलेली जमीन म्हणजे पडीक. शेजारी तसे समजतो, कधी कधी तलाठीही समजतो. धसकटांनी भरलेले शेत पाहून कोणी 'पड' अशी नोंद केली, तर ती नोंद पुढे कोर्टात आपल्याच विरुद्ध उभी राहते.

कायदा मात्र असे म्हणत नाही. १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यात, म्हणजे ज्याच्या आधारे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला त्या कायद्यात, जमीन कसणे याची व्याख्या रुंद आहे. पीक काढण्यासाठी स्वतःच्या हातांनी, जनावरांनी किंवा यंत्राने जमिनीची मशागत किंवा निगा करणे आणि जमिनीवर शेतीचे कोणतेही काम करणे, हे सारे कसण्यात येते. नांगर ही त्यात अट नाही. हातात खुरपे घेऊन मका टोकणारी बाई कायद्याने जमीन कसतेच. मराठवाड्याला १९५० चा वेगळा कुळवहिवाट कायदा लागू आहे, तिकडच्या बांधवांनी तो स्वतंत्रपणे पाहावा.

परंतु कायदा आपल्या बाजूने असणे आणि कागद आपल्या बाजूने असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून ज्यांचे नाव सातबाऱ्यावर आहे त्यांनी ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत आपला मका फोटोसह स्वतः नोंदवावा, दर हंगामात नोंदवावा. उल्हासनगर-अंबरनाथला नोकरी आणि गावी जमीन असलेल्यांनी तर हे टाळूच नये. मुलाला मोबाईल घेऊन शेतात उभे करा, पण नोंद करा. अंबरनाथ तालुक्यात मुंबई-वडोदरा महामार्गासाठी जमिनी गेल्या, तेव्हा मोबदला कोणाला मिळाला? ज्याचे नाव आणि ज्याचा कब्जा कागदावर होता त्याला. महार वतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्याने वतनातून मुक्त झाल्या, पण पूर्वपरवानगीशिवाय त्या विकता येत नाहीत. तरीही त्यांच्यावर कोणाकोणाचा डोळा असतो, हे २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढवा येथील वतन जमिनीच्या व्यवहाराने साऱ्या महाराष्ट्राला दाखविले. पड दिसणारी जमीन सर्वांत आधी डोळ्यात भरते.

गायरानधारकांची स्थिती आणखी बिकट आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची, मागासवर्गीय भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे काढण्याचे आदेश दिले, तेव्हाही शासनाच्या अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला. तो अपवाद आपली ढाल आहे. पण ढाल धरायला पुरावा लागतो: गाव नमुना एक-ई मधील नोंद, दंडाच्या पावत्या, जुन्या पीक पाहणीचे उतारे. ई-पीक पाहणीत खातेदाराचे नाव निवडूनच पुढे जाता येते, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव नसलेल्या गायरानधारकाचा मका मोबाईलमध्ये उगवतच नाही. अशांनी दर हंगामात तलाठ्याकडे, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी आणि ती पोच जपून ठेवावी. आणि गायरानावर मका न नांगरता घेणार असाल तर आमचा सल्ला आहे की वाफे ठळक करा, बांधावर झाडे लावा, जमीन कसलेली दिसू द्या. आमच्या माणसाला नुसते कसून भागत नाही, कसलेले दिसावेही लागते.

विहारातून सुरुवात

'एक होता कार्व्हर' हे पुस्तक आपल्या अनेक घरांत आहे. गुलामीत जन्मलेल्या डॉ. कार्व्हरांनी टस्कीगी येथे शेतीचे संशोधन केले आणि १९०६ मध्ये एक गाडी तयार करून ते ज्ञान गरीब काळ्या शेतकऱ्यांच्या दारात नेले. तो शेतकरी विद्यापीठात येणार नव्हता, म्हणून विद्यापीठ त्याच्याकडे गेले. आपल्याकडे दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, कर्जतला भात संशोधन केंद्र आहे, नेरळला हे तंत्र आहे आणि गावोगाव विहार आहेत. या साऱ्यांना जोडणारी गाडी मात्र नाही.

समाजकल्याण खात्याकडे आमची मागणी आहे की सबळीकरण योजनेत जमीन देताना त्याच कुटुंबाला टोकणयंत्र, विळे, कोळपे आणि दोन हंगामांचे प्रत्यक्ष मार्गदर्शन द्यावे. १९४७ च्या निवेदनातला औजारांचा शब्द खात्याने एवढा तरी पाळावा. शून्य मशागतीचा प्रचार करणाऱ्या प्रत्येक सरकारी शिबिरात फवारणाऱ्या मजुराच्या संरक्षणाचा तास ठेवावा आणि तणनाशकाशिवायची पद्धतही दाखवावी.

समाजाकडेही मागणी आहे. अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरच्या विहारांत आपण वर्षावासात ग्रंथवाचन करतो. जूनपूर्वीच्या एखाद्या रविवारी गावी जमीन असलेल्यांना एकत्र बोलवा. सगळे मिळून नेरळ-कर्जतकडची शेते पाहून या. दोन-चार टोकणयंत्रे वर्गणीतून घ्या आणि ज्याला हवे त्याने गावी न्यावी, परत आणून द्यावी. कोणाची पाळी शेवटी येणार नाही अशी ती रांग आपण आपल्या हाताने लावू शकतो.

येवल्याच्या काकांना आम्ही हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वकीलसाहेब, न नांगरता पेरले तर गाव हसेल." आम्ही म्हणालो, "काका, आपल्या आईवडिलांनी धम्म घेतला तेव्हाही गाव हसले होते." काका हसले. सगळ्या शेतात करायचे धाडस त्यांना होत नाही. येत्या जूनमध्ये दहा गुंठ्यांत मका टोकून पाहणार आहेत. उरलेल्या दोन एकरांसाठी ते ट्रॅक्टरची वाट पाहतील. पण त्या दहा गुंठ्यांत पाऊस पडल्याच्या दुसऱ्याच दिवशी बी जमिनीत जाईल आणि त्यासाठी काकांना कोणाच्याही दारात उभे राहावे लागणार नाही. आमची सुरुवात दहा गुंठ्यांनी होत असेल तर ती दहा गुंठ्यांनी होऊ द्या.

जयभीम!